दोन मिलिमीटर

कन्नमवार नगर, विक्रोळी
१२ जानेवारी २०२५

प्रिय ऋता,

त्या दिवशी पाणी पाचला आलं होतं. पिंप भरलं, दोन कळशा भरल्या, मग आदल्या दिवशीची भांडी घासली. मेथी निवडून ठेवलेली होती, ती धुऊन फोडणीला टाकली. चार भाकऱ्या केल्या. साळव्यांचे मोजे वाळले नव्हते, ते तव्याच्या कडेला धरून वाळवले. एका मोज्याला जळका वास लागला. डब्यात लोणचं घालायचं विसरले आणि झाकण परत उघडून घातलं.

तू लिहिलं आहेस की एवढी जुनी सकाळ कोणाला आठवणार, तरी विचारून बघते. मला आठवते. २६ ऑक्टोबर २०२१, मंगळवार. तुझी भट्टी त्या आठवड्यात चालू होती आणि साळवे रोज पहाटे जात होते. बत्तीस वर्षं त्यांनी संस्थेतली ती भट्टी सांभाळली. शेवटची पाच वर्षं तू तिथे पीएचडी करत होतीस, तर घरात तुझंच नाव. ऋताचा क्रिस्टल, ऋताचा सिलिंडर, ऋताने डब्यातली भाकरी खाल्ली.

तर त्या दिवशी ते नेहमीप्रमाणे सव्वापाचला निघाले. सहाला भट्टीपाशी असणार.

तू फोन करतेस तेव्हा मला रडू येतं आणि मग तू फ्रान्समध्ये गप्प बसून राहतेस. त्यापेक्षा अशीच पत्रं लिही. पानांचे फोटो पाठव, मी मोठे करून वाचीन. मीही तसंच करते आहे. ते जाऊन सतरा महिने झाले. घरात लिहायचं सामान पुष्कळ आहे, त्यांचीच पेनं.

तुला एवढ्या वर्षांनी ती वेळ कशाला हवी आहे, ते मला समजेल असं लिही. मी सातवी पास आहे, पण ते आणायचे ती सगळी मासिकं मी वाचलेली आहेत. अर्धी समजली नाहीत तरी वाचलेली आहेत.

जय भीम.
सुगंधाकाकू


ग्रेनोबल
१९ जानेवारी २०२५

प्रिय काकू,

थँक्यू, थँक्यू. तुमचं पत्र मी आमच्या ग्रुपच्या प्रमुख बाईंना वाचून दाखवलं. भाषांतर करताना मोज्यांपाशी अडकले, पण सव्वापाच आणि सहा त्यांना बरोबर कळलं. त्यांना तेवढंच हवं होतं.

आता का ते सांगते. काकांनी माझ्यासाठी भट्टीत वाढवलेला तो काळा दांडा, आपला क्रिस्टल, पेन्सिलीएवढा. तांबं, ऑक्सिजन आणि आणखी दोन धातू. असा पदार्थ खूप थंड केला की त्यातून वीज जराही न अडता वाहते. का वाहते, हे जवळजवळ चाळीस वर्षं लोक शोधतायत. पक्कं उत्तर कोणाकडेच नाही.

इथे आम्ही त्याच्यावर क्ष-किरण सोडतो. किती ऊर्जेचे सोडले ते आम्हाला माहीत असतं. आपटून बाहेर येतात तेव्हा त्यातल्या काहींची ऊर्जा थोडी कमी झालेली असते. जेवढी कमी झाली तेवढी आतल्या इलेक्ट्रॉनांनी घेतली. किती घेतली, कुठल्या दिशेला घेतली, यावरून आत काय हललं ते कळतं. आत डोकावता येत नाही, म्हणून बाहेर काय कमी आलं ते मोजायचं. बास, माझं सगळं काम एवढंच आहे. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्यासाठी मुलुंड सोडलंस?

आता गंमत बघा. तो दांडा तासाला एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे पट्टी लावली की कुठला भाग किती वाजता वाढला ते सांगता येतं. मी टोकापासून टोकापर्यंत मोजत गेले. सगळीकडे सारखं. पण मधे दोन मिलिमीटरचा पट्टा आहे, तिथे इलेक्ट्रॉन वेगळेच वागतात. अशी हालचाल कोणी नोंदवलेली नाही, काकू. तीन महिने मी ते पुन्हा पुन्हा मोजतेय. येतं ते तसंच येतं.

हिशेब केला तर तो पट्टा वाढला मंगळवारी सकाळी सहा ते आठ. म्हणून बाईंनी विचारलं, त्या वेळी भट्टीत काही बिघडलं नव्हतं ना? भट्टी ज्या दिव्यांनी तापते त्यांची नोंद कॉम्प्युटरवर आहे, सरळ रेघ. सिलिंडरमधून भट्टीत ऑक्सिजन सोडतात, त्याचा काटा मात्र आपल्याकडे डोळ्यांनी बघून वहीत लिहायचा असतो. सहाला काकांच्या अक्षरात ‘सिलिंडर बदलला, स्थिर’. सातला ‘स्थिर’. आठला ‘स्थिर’. तरी बाई म्हणाल्या, माणूस तिथे होता ना, एवढं विचारून घे. आता तुम्ही सांगितलंत, विषय संपला.

आणि हे ऐका. लेख लिहितेय त्यात काकांचं नाव आभारांत नाही, लेखकांत असेल. अंबादास साळवे. बाई हो म्हणाल्यात.

तुमची,
ऋता


विक्रोळी
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋता,

तुझं पत्र मी पाच वेळा वाचलं. खालच्या शकुबाईंना त्यातलं लेखकांत नाव असण्याचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, भावजींनी कधी एक कागद लिहिला नाही आणि लेखक झाले. मी म्हटलं, ~~त्यांनी कधी~~ त्यांनी बत्तीस वर्षं रोज लिहिलं.

वर मी दोन शब्दांवर रेघ मारली आहे. चुकून पडले होते. साळव्यांनी मला ही सवय लावली. चुकलं तर गिरगटायचं नाही, खोडरबर लावायचा नाही. एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, मग बरोबर काय ते लिहायचं आणि सही. घरी दुधाच्या कॅलेंडरवर सुद्धा मला सही करायला लावायचे. मी म्हणायचे, मी काय तुमची शिपाई आहे का? तर म्हणायचे, चुकलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर बरोबर कशावर विश्वास ठेवायचा?

आत काय झालं ते बाहेर कमी आलेल्यावरून कळतं, हे मला समजलं. ते मासिकात वाचून समजलं नसतं. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा मी बूट काढतानाच ओळखायचे.

एक विचारते. समज, त्या दोन तासांत ऑक्सिजन कमी पडला असता, तर काय झालं असतं? मला फक्त समजून घ्यायचं आहे.

जय भीम.
सुगंधाकाकू


ग्रेनोबल
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय काकू,

झकास प्रश्न. बाईंनी अगदी हाच विचारला होता.

ऑक्सिजन कमी पडला असता, तर त्या दोन मिलिमीटरांत आतली रचना बिघडली असती. साध्या तपासणीत ते दिसत नाही. क्ष-किरणांना दिसतं. आणि मग बहुतेक असंच काहीतरी दिसलं असतं, जे मला दिसतंय. म्हणजे शोध वगैरे काही नाही, नुसता बिघडलेला तुकडा. माझी पूर्ण वाट. म्हणून तर वही महत्त्वाची. इथल्या लोकांना मी सांगितलंय की या माणसाने बत्तीस वर्षांत एक आकडा अंदाजाने लिहिलेला नाही.

खरं सांगायचं तर काकांवर मी एकदाच हसलेय. क्रिस्टलच्या डबीत त्यांची चिठ्ठी होती. ‘ऋता, दोन्ही टोकं वापर. मधला भाग नको.’ मला वाटलं मधे तडा असेल. भिंगाखाली बघितलं, तडाबिडा काही नाही. मधलाच भाग सगळ्यात जास्त चकाकत होता. म्हटलं काकांचं काहीतरीच. आणि बघा, शोध निघाला तो नेमका मधेच. ते असते तर मी त्यांना चिडवलं असतं.

लेख ३ मार्चला पाठवायचा आहे. माझं इथलं काम सप्टेंबरमध्ये संपतं. हा लेख आला तर पुढे नोकरी मिळेल, नाही आला तर मुलुंड आणि आईची स्थळं. पण येईल. काळजी करू नका.

तुमची,
ऋता


विक्रोळी
१६ फेब्रुवारी २०२५

ऋता,

माझं पहिलं पत्र काढ. ‘सव्वापाचला निघाले’ असं लिहिलं आहे, त्यावर एक रेघ मार. खाली लिही, सात वाजून वीस मिनिटांनी निघाले.

पाचला पाणी आलं, भांडी झाली, भाजी झाली, चार भाकऱ्या झाल्या, मोजे वाळले आणि सव्वापाचला माणूस डबा घेऊन गेला. तू कधी भाकरी केली असतीस तर तिथेच मला पकडलं असतंस.

आता नीट सांगते. आदल्या संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांचे पाय सुजलेले होते. मोज्याची वीण पायावर उमटली होती. मी अंगठ्याने दाबलं तर खळगा तसाच राहिला. म्हणाले, उभं राहून होतं. चार दिवस ते तिथेच उभे होते. पावणेपाचचा गजर मोबाइलवर लावून झोपले. मी साडेचारलाच उठले होते. त्यांच्याकडे बघितलं. तोंड उघडं टाकून झोपले होते, लहान मूल तापात झोपतं तसं. मी मोबाइल उचलला आणि गजर बंद केला. विसरून नाही, चुकून नाही. वाटलं, एक बस गेली तर जाऊ दे.

मग पुढची बसही जाऊ दिली. पिंपात नळी तळापर्यंत सोडली, पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. भांडी एकेक करून हातात धरून घासली. भाकरी थापली नाही, परातीतच दाबून केली. जाडी झाली. सात वाजून गेले आणि त्यांना आपोआप जाग आली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तोंड धुतलं, कपडे घातले, डबा घेतला. जिन्यात बुटांची नाडी बांधत होते, ते मी वरून बघितलं.

संध्याकाळी आले तेव्हा मी विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाले, मोबाइलवर काही भरवसा नाही. दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून चावीचं घड्याळ घेऊन आले, दोन घंट्यांचं. मी म्हटलं, हो बाई, मोबाइलचं काही खरं नाही. असं मी म्हटलं.

डिसेंबरात कळलं की दोन्ही किडन्या जात आल्या आहेत. त्यानंतर वीस महिने ते होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला मी त्यांच्या शेजारी चार चार तास बसायचे. बोलायला वेळच वेळ होता. पगारवाढीपासून आमच्या मुलाच्या, प्रबुद्धच्या लग्नापर्यंत सगळं बोललो. हे नाही बोलले. त्यांना झोपू दिलं त्याचं मला वाईट वाटत नाही, आजही नाही. सांगितलं नाही त्याचं वाटतं.

ते सहाला तिथे नव्हते. सहाचं आणि सातचं त्यांनी नंतर लिहिलं. त्यांनी असं का केलं ते मला कळत नाही. मोबाइल वाजला नाही एवढं सांगितलं असतं तर कोणी फाशी दिली नसती. पण चिठ्ठीत त्यांनी तुला खरं सांगितलं होतं. मधला भाग नको. तू हसलीस. मी वाचलं तेव्हा मला हसू आलं नाही.

लेखात त्यांचं नाव येणार म्हणून मी तुला एक महिना फसवलं. नाव काढून टाक.

सुगंधा साळवे


ग्रेनोबल
६ एप्रिल २०२५

प्रिय काकू,

सात आठवडे मी लिहिलं नाही. पहिले दहा दिवस मला तुमचा राग होता, नंतर काकांचा, नंतर माझा. असं लिहू नये, पण तुम्हाला गोड बोललेलं आवडत नाही.

बाईंना मी लगेच सांगितलं. त्या म्हणाल्या, नुसत्या आठवणीवर सोडायचं नाही, तपासून बघू. इथल्या भट्टीत आम्ही तसाच एक दांडा वाढवला आणि मधे दोन तास ऑक्सिजन कमी केला. गेल्या आठवड्यात मोजला. तोच पट्टा, तीच हालचाल. म्हणजे माझा शोध हा एक रिकामा होत आलेला सिलिंडर होता. लेख गेला नाही. सप्टेंबरनंतर काय, मला माहीत नाही. टोकांची मोजमापं चांगली आहेत, काकांनी सांगितलं होतं तशी. त्यावर एक छोटा लेख होईल. त्याने नोकरी मिळत नाही.

मग मी संस्थेत चंद्रप्रकाशना फोन केला. शेजारच्या खोलीतली दुसरी भट्टी बघायचे ते, आठवतात ना, तुमच्याकडे पुरणपोळी खायला यायचे. मी विचारलं, त्या मंगळवारी काका किती वाजता आले? फोनवर दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “तुला कोणी सांगितलं?” मी म्हटलं, काकूंनी. तर म्हणाले, “वहिनींनी? पण अंबादासला तर वहिनींना कळू द्यायचं नव्हतं.”

काकू, त्यांनी मला जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

काका आठला आले. काटा बघितला, सिलिंडर बदलला, खुर्चीवर बसले. चंद्रप्रकाशनी विचारलं, काय रे अंबादास, आज बायकोने सोडलं नाही का? तर काका म्हणाले, “खरंच नाही सोडलं. गजर बंद केलान तिने. दहा वर्षांत एवढी झोप झाली नव्हती.”

चंद्रप्रकाश म्हणाले, मोबाइल बिघडला असेल. काका म्हणाले, “बत्तीस वर्षं यंत्रं बघतोय. न वाजलेला गजर आणि बंद केलेला गजर, मला कळत नाही होय? मुकाट्याने घासली तिने भांडी. मी पावणेसातलाच जागा झालो होतो. डोळे मिटून पडून होतो. एवढं सांभाळून चाललं होतं तिचं, उठवेना मला.”

मग वही पुढे ओढली. चंद्रप्रकाश म्हणाले, रिकामं सोड, काय होतंय. काका म्हणाले, रिकामं सोडलं तर विचारतील. काय सांगू? मोबाइल म्हटलं तर खोटं, खरं म्हटलं तर उद्या अख्ख्या संस्थेत तिचं नाव. आणि दांडा फुकट गेला असं ठरलं तर भट्टी दुसऱ्या ग्रुपला जाईल, ऋताचं वर्ष जाईल. टोकं चांगली आहेत, तिला मी सांगतो. असं म्हणून त्यांनी सहाचं आणि सातचं लिहिलं. चंद्रप्रकाश म्हणाले, लिहिताना हात थांबला होता त्यांचा.

मी चावीच्या घड्याळाचं विचारलं. चंद्रप्रकाश हसले आणि मग रडले. काका त्यांना म्हणाले होते, “ते बंद करायला गेली तर दणका होतो, तिला करता येणार नाही. म्हणजे मला विचारायला नको आणि तिला खोटं बोलायला नको.”

कामाचं एकच राहिलं. छोट्या लेखासाठी वही दुरुस्त व्हायला हवी, कारण वहीचा फोटो सोबत जातो. चंद्रप्रकाश म्हणतात, ते स्वतः ‘ऑक्सिजनची नोंद शंकास्पद’ एवढं लिहून सही करतील. तुमचं नाव कुठेच येणार नाही. काकांनाही तेच हवं होतं. काकांचं नाव लेखकांत राहील, बाईंना मी सांगितलंय. टोकं त्यांनीच सांगितली होती.

तुम्ही फक्त हो म्हणा, म्हणजे मी त्यांना कळवते.

तुमची,
ऋता


विक्रोळी
८ एप्रिल २०२५

प्रिय ऋता,

तुझं पत्र रविवारी दुपारी आलं. पावणेसातपाशी आले आणि पुढे वाचता येईना. मोबाइल उलटा ठेवला आणि भात टाकला. भात झाल्यावर पुढचं वाचलं.

सात वाजेपर्यंत मी इतकी जपून वागत होते आणि ते जागे होते. आता कधी भांडं घासायला घेतलं की मला ते आठवणार. साडेतीन वर्षं मला वाटत होतं की त्या घरात त्या वेळी मी एकटीच जागी होते.

डायलिसिसला एकदा त्यांनी मला विचारलं होतं, सुगंधा, तुला कधी काही सांगायचं राहून गेलंय का? मी म्हटलं, नाही बा. ते म्हणाले, मलाही नाही. आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा मला वाटलं झोप आली असेल.

तुझी नोकरी माझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही, तू लगेच नाही म्हणशील आणि पत्र फुकट जाईल. सप्टेंबरात आलीस तर आधी मुलुंडला जा, आईकडे. मग इथे ये. भाकरी थापून करीन.

चंद्रप्रकाशना काही कळवू नकोस. शंकास्पद नाही, ते मला माहीत आहे, तर मग शंकास्पद कशाला लिहायचं? साळव्यांना माझं नाव येऊ द्यायचं नव्हतं, ते त्यांचं. पण चुकलेलं दिसलं पाहिजे हेही त्यांचंच.

सोमवारी मी पाचला उठले, पाणी भरलं, डबा केला आणि बसने संस्थेत गेले. गेटवर नाव लिहून घेतलं. चंद्रप्रकाशनी प्रमुखांना विचारून वही काढून दिली आणि खुर्ची दिली. मी साळव्यांच्या पेनाने सहाच्या ओळीवर एक रेघ मारली, सातच्या ओळीवर एक रेघ मारली. खाली लिहिलं, ‘या वेळी अंबादास साळवे घरी होते. गजर मी बंद केला होता.’ तारीख घातली आणि सही केली.

सुगंधा अंबादास साळवे